काकांची लस

गोरखपूर, जबलपूर
रविवार, ३ ऑगस्ट

प्रिय प्रणोती,

सप्रेम नमस्कार. इकडे सर्व ठीक, तूही ठीक असशील. (असं लिहायचं असतं म्हणून लिहिलं. इकडे काही ठीक नाही, अर्धं गाव खोकून राहिलं आहे.)

पाकिटावरचं अक्षर पाहून फाडू नको. फोनवर तू मला ब्लॉक केलंस, व्हॉट्सॲपवर केलंस, माझ्या मीराताईच्या फोनवरून लावला तर ताईलाच चार शब्द ऐकवलेस. पोस्टमनला ब्लॉक करता येत नाही, म्हणून कागद. आणि हे पत्र आपल्याबद्दल नाही, शप्पथ. काकांबद्दल, तुझ्या बाबांबद्दल आहे.

मार्चमध्ये पुण्याला येऊन तुझ्या ऑफिसच्या गेटवर मी जे केलं, त्या मुलाची कॉलर धरली, त्याचं पुढे कधीतरी लिहीन. तो बिचारा फक्त तुझ्यासोबत एका टॅक्सीतून उतरला होता. हे मला ट्रेनमध्ये इटारसी आल्यावर समजलं. मला सगळं इटारसी आल्यावरच समजतं.

तर काकांचं. पण आधी दुकानाचं सांगावं लागेल. एप्रिलपासून मी भय्यासाहेबांच्या मेडिकलवर उभा असतो. उभा हाच शब्द बरोबर, कारण दिवसभर बसायला स्टूल नाही. फार्मसी मी मध्येच काहून सोडली हे तू विचारलं होतंस, तेव्हा मी तुझ्यावरच ओरडलो होतो. आता सांगतो. सरांनी माझी प्रॅक्टिकलची वही सगळ्यांसमोर फेकली, मी ती उचलून त्यांच्या टेबलावर आपटली. त्यांनी दोन ओळींचा माफीनामा मागितला, मी लिहिला नाही. बस, एवढंच. दोन ओळी. भय्यासाहेब म्हणतात, "अभिराम, कॉलेज पुरं केलं असतंस तर भिंतीवर तुझं लायसन टांगलं असतं. आता नुसती तुझी जीभ टांगलेली असते."

पंधरा दिवसांपासून फ्लू आहे. म्हणजे दर पावसाळ्यात असतो, पण या वेळी जोरात आहे. माणसं काउंटरला टेकूनच बोलतात. "भैया, तीन दिन से बुखार है, कुछ तेज़ वाला दे दो." मी म्हणतो, डॉक्टरला दाखवा. "डॉक्टर को दिखाना होता तो आपके पास काहे आते?" दिवसातून तीस वेळा हेच. संध्याकाळपर्यंत माझे पाय आणि माझी हिंदी, दोन्ही संपतात.

शेजारीच डॉक्टर अमिता मॅडमचा दवाखाना आहे, तिथे फ्लूची लस देतात. लस आमच्या दुकानातून जाते, आमच्या फ्रीजमध्ये राहते, आणि फ्रीजचं तापमान सकाळ-संध्याकाळ वहीत लिहायचं काम माझं. मॅडम सगळ्यांना सांगतात की साठीच्या वरच्यांनी आणि दमेकऱ्यांनी तर घ्यावीच, आणि वेळेत घ्यावी; टोचल्यावर अंगात पुरतं बळ यायला दोन आठवडे लागतात.

काका अडुसष्टचे. दमा तुला माहीत आहे, पंप खिशात असतो. आणि चतुर्थी सत्तावीसला.

इथले जुने गुरुजी वारल्यापासून आपल्या मराठी घरांतले गणपती काकाच बसवतात. बँकेतून रिटायर झालेला माणूस, पण पहाटे सहाला पहिलं घर, दुपारी दोनला अकरावं, आणि तोवर पोटात पाण्याशिवाय काही नाही. गेल्या वर्षी माझ्याच स्कूटरवर फिरले. प्रत्येक घरात दारं-खिडक्या लावलेल्या, वीस-वीस माणसं खोलीत, धूप, कापूर, वरून सगळे मिळून आरती. मला धडधाकट माणसाला दम लागला होता.

मी म्हटलं, काका, लस घेऊन टाका. तर म्हणाले, "आणि ताप आला म्हणजे? अंग दुखलं म्हणजे? अकरा घरचे गणपती कोण बसवेल, तू? चतुर्थी होऊ दे, मग बघू."

मी खूप सांगितलं. ऐकत नाहीत. तू समोर बसून सांगितलंस तर ऐकतील. फोनवर मात्र विषय काढू नको. मीराताईने काढला होता, तर तीन दिवस तिच्याशी बोलले नाहीत. तर तू ये. चार दिवसांसाठी ये, आणि लवकर ये. माझं तोंड पाहायला नको असेल तर मी तेवढे दिवस तुमच्या गल्लीतून जाणार नाही.

तू गेल्यापासून रोज संध्याकाळी काकांकडे जातो. दूध, भाजी, काही आणायचं असलं तर आणतो. कशाला येतोस असं ते विचारत नाहीत. चहा टाकतात, दोन कप. मी म्हणतो, काका साखर कमी. ते म्हणतात, "तुला गोड खायची गरज आहे, बाबा." मग दोघं टीव्हीकडे बघत बसतो. टीव्ही बंद असला तरी.

मी स्वतः लस घेतली का? नाही अजून. मला काय होतं.

उत्तर मला देऊ नको, मीराताईला दे.

तुझा,
अभिराम


गोरखपूर, जबलपूर
गुरुवार, १४ ऑगस्ट

प्रिय प्रणोती,

नमस्कार. मीराताईने तुझा मेसेज वाचून दाखवला. मी परत वाचायला लावला. तिसऱ्यांदा म्हटलं तर म्हणाली, "आता तिकीट लागेल." मेसेज मला पाठ आहे: 'सव्वीसच्या संध्याकाळी पोचते, त्याआधी सुट्टी नाही. बाबांना मीच घेऊन जाईन. अभिरामला सांग, स्टेशनवर येऊ नको.'

नाही येणार. तू घाबरू नको.

सव्वीस म्हणजे चतुर्थीची आदली संध्याकाळ झाली. मॅडमच्या हिशोबाने आज घेतली तर चतुर्थीपर्यंत दोन आठवडे जेमतेम होतात. बावीस-तेवीसला येता आलं असतं तरी थोडं… पण ठीक आहे. तू येऊन राहिलीस हेच खूप. तू आलीस की होईल सगळं.

इकडचं सांगतो. आमच्या गल्लीत एक मास्तर आहेत, बेचाळीस वर्षांचे, रोज सकाळी धावणारा माणूस. पाच दिवस ऑक्सिजनवर होते. परवा घरी आले. घराच्या सहा पायऱ्या चढायला दोनदा बसले. बायको मागे उशी घेऊन उभी, आणि ते तिला म्हणून राहिले, "तू जा आत, लोक बघताहेत." ते पाहिल्यापासून गल्लीत सगळ्यांनाच लस पाहिजे. मॅडमकडे लाइन लागते. काल एक सासूबाई सुई बघून रडायला लागल्या, तर सून म्हणाली, "अम्मा, हमको सुनाते टाइम तो कभी नहीं डरीं." सगळी लाइन हसली. सासूबाई पण हसल्या, आणि त्यातच मॅडमनी टोचून टाकलं.

एक जण मात्र आला आणि मोठ्याने सांगायला लागला की सब धंधा है, लस विकायची म्हणून बिमारी पसरवून राहिले. तेव्हा त्या मास्तरांची बायको औषध घ्यायला तिथेच उभी होती. माझं डोकं गेलं. मी काउंटरवर हात टेकवून उडी मारणारच होतो, भय्यासाहेबांनी मागून शर्ट धरला. तो माणूस गेल्यावर म्हणाले, "मॅडमना विचारून ये, रागाची लस निघाली आहे का. आधी तुलाच देऊ."

आईने घेतली, मीराताईने घेतली. मी आज घेतो, उद्या घेतो करून राहिलो आहे. खरं सांगू, फार थकलो आहे. दिवसभर लोकांना घ्या घ्या म्हणायचं, आणि संध्याकाळी काकांकडे जाऊन बसायचं. काल ते म्हणाले, बडा फुहाऱ्याकडे मोठी दुकानं आहेत, तिकडे बघून येऊ का… जाऊ दे. ते दुसऱ्याच कामाचं होतं.

काकांनी पूजेची पिशवी आतापासून काढून ठेवली आहे. अकरा घरांची यादी मोठ्या अक्षरात लिहून दिली, मला चष्मा नसूनही. कोणत्या घरी किती वाजता, कोणाकडे जिना आहे, कोणाकडे कुत्रा आहे. तुझ्या येण्याचं सांगितलं. उठून तुझ्या खोलीचा पंखा पुसायला लागले. स्टुलावर चढू नका म्हटलं, तर म्हणाले, "मग तू चढ." मी चढलो. पंख्यावर इतकी धूळ होती की दोघांनाही शिंका आल्या, आणि त्यांना मग बराच वेळ खोकला. पंप घ्यावा लागला. तेव्हा मला एकदम वाटलं की…

काही नाही. दुकानाची वेळ झाली.

नीट ये. जबलपूरला पोचायच्या आधी जागी रहा, नाहीतर तू झोपतेस आणि पुढे कटनीला पोचतेस.

तुझा,
अभिराम


जबलपूर
गुरुवार, ४ सप्टेंबर, संध्याकाळ

प्रणोती,

तू तिसऱ्या मजल्यावर काकांजवळ आहेस आणि मी खाली हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये स्कूटरवर बसून लिहून राहिलो आहे. वर येऊन तोंडाने सांगायला हवं होतं. दुपारी दोनदा लिफ्टपर्यंत आलो. पण माझं तुला माहीत आहे, मी चुकीचा ठरलो की माझा आवाज वाढतो. ऑक्सिजन लावलेल्या माणसाच्या खोलीबाहेर मी ओरडेन, आणि मग गोष्ट माझ्या ओरडण्याची होईल. म्हणून कागदच. मीराताई डबा घेऊन येईल, तिच्याकडे देतो.

काल दुपारी तू काकांचा हात धरून त्यांना रागावत होतीस. "किती हट्ट करायचा माणसाने, बाबा. अभिरामने महिनाभर सांगितलं. मला पत्र लिहिलं त्याने. एक लस वेळेत घेतली असती तर आज हे झालं असतं का?" तू रडत पण होतीस. मी पायाशी उभा होतो. काकांच्या तोंडावर मास्क, बोलता येत नाही. त्यांनी आधी तुझ्याकडे पाहिलं, जसं कोणी दुसऱ्याच माणसाबद्दल बोलून राहिलं आहे. मग माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ. आणि मग हात थोडा वर केला. पूजेच्या मध्ये कोणी बोललं की ते करतात ना, तसा.

तुला वाटलं, ते तुला म्हणताहेत की रागावू नको. तो हात मला होता. मला म्हणत होते, तू गप्प रहा.

बाहेर आल्यावर तू माझ्या खांद्यावर हात ठेवलास. म्हणालीस, "तू नसतास तर त्यांना वेळेवर इथे आणणारं कोणी नव्हतं." सहा महिने मी या एका वाक्यासाठी मरून राहिलो होतो. ते आलं तेव्हा मी बाजूच्या बाकावर जाऊन बसलो. तुला वाटलं मी थकलो आहे.

आता ऐक. काका हट्टी नव्हते. त्यांनी लस नाकारलीच नव्हती.

जुलैच्या शेवटी मी त्यांना पहिल्यांदा म्हटलं, काका, फ्लूची लस घेऊन टाका. मी वाद घालायच्या तयारीने गेलो होतो. मॅडमचं सगळं पाठ करून गेलो होतो. ते चहाच्या दुसऱ्या घोटाला हो म्हणाले. मीच वेड्यासारखं विचारलं, पण ताप-बिप आला तर, चतुर्थी तोंडावर आहे. तर म्हणाले, "अबे, म्हणून तर आत्ताच घ्यायला पाहिजे ना. अकरा घरांत जायचं आहे, तिथे लहान पोरं आहेत, म्हातारी माणसं आहेत. मी आजारी पडलो तर पडलो, पण एका घरचा ताप दुसऱ्या घरी नेणारा मी नाही व्हायला पाहिजे. उद्याच चल."

अकरा घरचे गणपती कोण बसवेल, हे वाक्य त्यांचं नव्हतंच. ते मी त्यांच्या तोंडी घातलं आणि तुला लिहून पाठवलं.

घरी येताना मला सुचलं. हे काम इतक्या सहज होऊन गेलं तर तुला लिहायला काही उरत नाही. आणि काकांनी नाही म्हटलं असतं, तर तुला यावं लागलं असतं. बस. एवढाच विचार. मी सैतान वगैरे नव्हतो, प्रणोती, मी फक्त म्हटलं की दोन-चार दिवस थांबू. तू येशील, तू त्यांना घेऊन मॅडमकडे येशील, मी शेजारच्या काउंटरवर असेन, लस मीच काढून देईन, तू बघशील की हा माणूस कामाचा आहे. इतकं सगळं मी बसवलं होतं. फक्त तू कधी येशील हे माझ्या हातात नव्हतं.

दुसऱ्या दिवशी काका धुतलेला शर्ट घालून, बाह्या सैल करून बसले होते. मी म्हटलं, "काका, लस संपली. नवा माल आला नाही." म्हणाले, "काही हरकत नाही."

माल होता. त्या दिवशी फ्रीजमध्ये नऊ होत्या. त्यातली एक मी खालच्या कप्प्यात इन्सुलिनच्या मागे ठेवली आणि डबीवर पेनाने त्यांचं नाव लिहिलं, म्हणजे कोणी दुसऱ्याला देऊ नये. रोज दोनदा फ्रीज उघडून मी तापमान लिहायचो, आणि रोज दोनदा ते नाव वाचायचो. संध्याकाळी ते विचारायचे, "आला का रे माल?" मी म्हणायचो, नाही आला. मग चहा.

तुला लिहिलं, फोनवर विषय काढू नको. त्यांना सांगितलं, प्रणोतीला कळवू नका, उगाच काळजी करेल. दोन्हीकडून दार लावलं. मीराताईने फोन केला वगैरेही खोटं. ती तीन दिवस न बोलण्याची गोष्ट मी दुकानात उभ्या उभ्या रचली.

मी मागच्या पत्रात बडा फुहाऱ्याचं अर्धं लिहून सोडलं होतं. ते असं होतं. काका म्हणाले, "तुझ्या दुकानात येत नसेल तर बडा फुहाऱ्याकडे मोठी दुकानं आहेत, रिक्षाने जाऊन बघून येतो." मी म्हटलं, "कशाला त्रास, काका. या पावसात, या गर्दीत. एक-दोन दिवसांत येतेच." आणि ते म्हणाले, "बरं, तू म्हणतोस तर." तू म्हणतोस तर. त्या दिवशी तेरा तारीख होती. चौदाला सकाळी जरी मी ती डबी काढली असती तरी पुरे होतं, हे मी तुला माझ्याच हाताने लिहिलं, आणि पाकीट चिकटवून पोस्टात टाकलं आणि दुकानावर गेलो.

सव्वीसला तुझी गाडी पाच तास उशिरा आली. हरतालिका होती, मॅडमचा दवाखाना दुपारीच बंद झाला होता. मग चतुर्थी.

चतुर्थीचं तुला अर्धं माहीत आहे. पाचव्या घरी यजमान मफलर गुंडाळून पाटावर बसले होते, डोळे लाल. काकांनी विचारलं, "ताप आहे का?" "छे हो, साधी सर्दी. हळद-दूध घेतलं आहे." काकांनी मास्क लावला होता. पण मास्क लावून मंत्र म्हणता येत नाहीत, म्हटले तर समोरच्याला कळत नाहीत, आणि त्या घरची आजी म्हणाली, "गुरुजी, काही ऐकू येत नाही हो." तर त्यांनी तो हनुवटीवर ओढला. मी दारात पिशवी घेऊन उभा होतो. मी म्हणू शकलो असतो की काका, इथून चला. मी म्हणालो नाही. कोणत्या तोंडाने म्हणणार होतो. ताप तिथूनच आला की माझ्याच कपड्यांवरून, दुकानातून आला, हे कोणी सांगू शकत नाही. मी मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, लस घेतली असती तर झालाच नसता असं नाही म्हणता येत. पण बहुतेक इतका खोल गेला नसता. हे 'बहुतेक' मी चार दिवस चावून राहिलो आहे.

अठ्ठावीसला ते दिवसभर झोपून होते, अकरा घरांचा थकवा म्हणून तू उठवलं नाहीस. एकोणतीसला सकाळी तू म्हणालीस, बाबा, चला आता लस घ्यायला, आणि ते लगेच चपला घालायला लागले. तू दुकानात येऊन मला म्हणालीस, "बघ, माझ्या एका शब्दात तयार झाले. तुला महिनाभर जमलं नाही." तू हसलीस. मला वाटलं तिथेच काउंटरखाली बसावं. मग मॅडमनी हात लावून पाहिला आणि म्हणाल्या, इनको तो बुखार है, आज नहीं लगेगा.

पुढचं, त्यांना दम लागला आणि मी त्यांना इथे आणलं ते, तुझ्या समोर झालं.

आज सकाळी भय्यासाहेबांना सगळं सांगितलं. ओरडतील म्हणून तयार होतो; ओरडले असते तर मीही ओरडलो असतो, आणि मग काहीतरी झालं असतं. ते ओरडले नाहीत. तापमानाची वही माझ्या हातातून घेतली, मिटली, आणि म्हणाले, "घरी जा." घरी नाही गेलो. मॅडमना सांगायला गेलो. त्यांनी पॅडवर रेघा मारत ऐकून घेतलं. मग विचारलं, "आणि तू घेतलीस?" मी नाही म्हटलं.

का नाही घेतली तेही सांगतो. मला काय होतं, म्हणून नाही. त्यांची लपवून माझी घ्यायला हात पुढे झाला नाही. एवढीच शरम माझ्यात शिल्लक होती, आणि ती कोणाच्याही उपयोगाची नव्हती. मॅडम म्हणाल्या, "यह प्रायश्चित्त नहीं है, बेटा, यह बेवकूफ़ी है. बाही वर कर." आज घेतली. हात दुखतो आहे. लिहिताना जरा जास्त.

काकांच्या नावाची ती डबी मॅडमनी मागवून आपल्याकडे ठेवली आहे. तुला ताप नाही, तू दिवसभर त्यांच्याजवळ बसतेस. उद्या सकाळी जाऊन ती तू घे. डबीवरचं नाव पाहून परत येऊ नको. मी तिथे नसेन.

डॉक्टर संध्याकाळी म्हणाले की ऑक्सिजन थोडा उतरवला आहे, पण आणखी दोन दिवस काही सांगता येणार नाही. मी वर येणार नाही. पण औषधं आणायला, रिपोर्ट न्यायला माणूस लागतो, आणि मला कोणतं औषध कुठे मिळतं ते माहीत आहे. चिठ्ठी मीराताईच्या हाती खाली पाठव. नाव लिहायची गरज नाही. इथे पार्किंगवाल्याच्या खुर्चीजवळ असतो. तुला मी इथेही नको असेन तर ताईला तसं सांग, मी जाईन. न भांडता जाईन.

एक मात्र करू नको. त्यांना परत हट्टी म्हणू नको. त्यांनी माझ्यासाठी ते ऐकून घेतलं आहे, आणि उद्या काय होईल मला माहीत नाही. तू त्यांना जे शेवटचं रागावून बोललीस ते खोट्यावर उभं आहे, आणि ते खोटं तसंच राहिलं तर मी जगायचं कसं ते मला कळत नाही. पण माझं सोड. तू आत्ता आत जाऊन त्यांना सांग की तुला कळलं.

मास्क निघाला, बोलता आलं, तर ते आधी मला वाचवतील. म्हणतील, "पोराचा दोष नाही, मीच टाळलं." त्यांना तू माझ्याहून जास्त ओळखतेस, त्यांना खोटं बोलता येत नाही, तरी म्हणतील. तू ते मानू नको.

ज्याचं खोटं आहे तो,
अभिराम